लवकर आलेला सिग्नल

सांता क्लारा, कॅलिफोर्निया

ती. बाबा आणि आई,

रिमोट बंद पडल्याचं कळलं. ‘टीव्हीतल्या चिपा बनवणारा मुलगा काय कामाचा?’ हेही कळलं. बाबा, गेल्या १५ वर्षांत मी सोल्डरिंग गन हातात धरलेली नाही. मी दिवसभर स्क्रीनवर कोड लिहितो, चिप तयार होते तैवानात. रिमोट उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये न्या, तिथे नक्की होईल. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मी इथे सांगून पाहिला. पार फाळणी आणि कल्याणची लष्करी छावणी इथपासून सुरुवात करावी लागली. तोवर लंच टाइम संपला.

आई विचारते, सीनियर इंजिनिअर म्हणजे नक्की करतोस काय? आई, बदलापूर लोकलचं टाइमटेबल सांभाळतो. आमच्या चिपमधलं घड्याळ सेकंदाला ३ अब्ज ठोके देतं. दोन ठोक्यांच्या मध्ये प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर जातो. तेवढ्यात सिग्नल पुढच्या स्टेशनात हजर पाहिजे. उशीर झाला की गाडी गेली. पण फार लवकर आला तरी घोटाळाच, कारण आधीचा उतरायच्या आत हा डब्यात घुसतो. अंबरनाथहून उलटे बदलापूरला येऊन खिडकी अडवणारे रिटर्नवाले आठव! उशिरा येणाऱ्यासाठी घड्याळ थोडं हळू करता येतं. लवकर येणाऱ्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. त्याच्या वाटेत मुद्दाम अडथळे टाकून त्याला रखडवावं लागतं. म्हणजे सिग्नलला विठ्ठलवाडीच्या अलीकडे विनाकारण उभं करायचं, आणि त्याचा मला पगार मिळतो. मध्य रेल्वे हे काम फुकट करते.

बाबा, ऑर्डनन्स फॅक्टरीत तुमचा जॉब जरा जास्त भरला तर कानस मारून मापात आणता यायचा. आमच्याकडे कानसच नाही. डिझाइन एकदा फॅक्टरीला पाठवलं (त्याला टेपआउट म्हणतात), की चूक राहिली तर नवे मास्क (चिप छापायचे साचे), लाखो डॉलर आणि पुन्हा काही महिने वाट. मागच्या शुक्रवारी आमचं टेपआउट झालं. केक कापला. तेव्हापासून रोज पहाटे तीनला जाग येते आणि एखादी वायर आठवते. तुमची सून म्हणते, गॅस बंद केला का हे बघायला उठणारा माणूस परवडला.

चिप डिसेंबरात हातात येईल. तिकिटंही डिसेंबरचीच काढली आहेत. चिप चालली तर तीन आठवडे निवांत राहीन. नाही चालली तर रात्रभर फोनवर असेन, तेव्हा घरचं वायफाय तेवढं रिमोटबरोबर दाखवून घ्या.

तुमचा,
बाळू