धानोरा तालुक्याचे परराष्ट्र धोरण

शेजारी राष्ट्रांनी आपापल्या सीमा व्यापारास खुल्या कराव्यात, जकातीचे अडसर क्रमाक्रमाने उतरवावेत आणि मालाच्या निर्वेध संचारातून मैत्री वृद्धिंगत करावी, हा जो उदात्त सिद्धांत सार्क देशांनी साफ्टा करारात आणि आपल्या सरकारने १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या आसियान वस्तुव्यापार करारात शिरोधार्य मानला, त्याविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. तक्रार एवढीच, की ज्या सिद्धांताला व्हिएतनामचा किनारा सोडून भारताचे बंदर गाठण्याचे सामर्थ्य लाभले, त्याला गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाहून धानोऱ्यास जाताना धाप लागली.

व्हिएतनामच्या बांबूची काडी मूळस्थानाचा दाखला घेऊन समुद्र ओलांडते आणि आपल्या देवघरात उदबत्ती होऊन जळते. इकडे मेंढ्याच्या ग्रामसभेला २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि त्याच कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवून त्याची मालकीही ग्रामसभेकडे दिली. परंतु तो बांबू गावाबाहेर न्यावयाचा तर वाहतूक परवाना, जंगलखात्याच्या बोलीत ‘टीपी’, हवा, आणि टीपीचे पुस्तक खात्याच्या दफ्तरात. मालक गावात आणि मालकीची पावती साहेबाच्या कपाटात, अशी ही द्विराष्ट्रीय व्यवस्था होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह गावी आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. दहा राष्ट्रांशी तहनामा करावयास ऑगस्ट २००९ मध्ये बँकॉकला एक वाणिज्यमंत्री पुरले होते. एका गावाला पावतीपुस्तक देण्यास मात्र केंद्र आणि राज्य या दोन्ही सत्तांची उपस्थिती आवश्यक ठरली, यावरून मेंढ्याचे आंतरराष्ट्रीय महत्त्व कोणाच्याही ध्यानी यावे.

तत्पूर्वी या मुलखातून बांबू हलतच नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. दीर्घ मुदतीच्या करारांनी तो बल्लारपूरच्या पेपर मिलकडे वर्षानुवर्षे जात होता, आणि त्यातील काही भाग कागद होऊन टीपीच्या पुस्तकांच्याच कामी आला असल्यास नवल नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ बांबूला गवत म्हणतात. १९२७ च्या वन अधिनियमाने त्याला वृक्ष ठरविले, आणि २०१७ च्या दुरुस्तीने शेतातल्या बांबूला परवान्यातून सोडविले, तरी जंगलातल्या बांबूवर अधिनियमाचा अंमल कायम राहिला. पुढे २०१९ साली उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले आणि २०२० मध्ये बांबूच्या काडीवरील आयात शुल्क २५ टक्के झाले. परदेशी काडी अडविण्याची बुद्धी सरकारला इतक्या उशिरा सुचली. देशी बांबू अडविण्याचा सराव मात्र ९० वर्षांहून जुना आहे.

अशा परिस्थितीत आमची नम्र सूचना अशी, की जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामसभेने जंगलखात्याशी रीतसर मुक्त व्यापार करार करावा, वनरक्षकास राजदूताचा दर्जा द्यावा, आणि वननाक्यावरचा आडवा दांडा, जो बहुधा बांबूचाच असतो, तो टप्प्याटप्प्याने शून्य अंशावरून नव्वद अंशांवर न्यावा. सागवानाविषयी कलम घालण्याची निकड नाही. रात्री प्राणहितेच्या पाण्यातून पलीकडे जाणारे ओंडके कोणत्याही कराराविना मुक्त व्यापाराचे तत्त्व कधीपासूनच पाळीत आले आहेत.

मोहफुलांविषयीच्या वाटाघाटी तेवढ्या लांबतील. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असल्यामुळे खाते त्यांना ‘संवेदनशील माल’ म्हणून यादीबाहेर ठेवू पाहील. आणि तसे झालेच, तर नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने बँकॉकला आरसेप व्यापार कराराच्या परिषदेत घालून दिलेला बाणेदार दाखला पुढे करून ग्रामसभेच्या शिष्टमंडळाने सही न करता चहा घेऊन उठावे.