गादीवाफ्यांची जमाबंदी

मनुष्याच्या ठायी राज्य करण्याची जी सुप्त अभिलाषा असते, तिच्या पूर्तीकरिता पूर्वी फौज, खजिना आणि निदान एखादा डोंगरी किल्ला तरी पदरी असावा लागे. हल्ली घरामागे दोन-चार गादीवाफे, एक फूटपट्टी आणि टोकदार पेन्सिल एवढ्या सामग्रीवर काम भागते. पुण्यासारख्या शहरात, जेथे पाव गुंठा मोकळी जमीन बाळगणारा गृहस्थ स्वतःस जहागीरदार समजतो, तेथे मृगाची चाहूल लागताच कोऱ्या कागदावर वाफ्यांचा नकाशा काढून कोणत्या पिकास कोठे वसवावे याचा निर्णय करण्यात जे सुख आहे, ते पुढे प्रत्यक्ष भाजी खाताना लाभत नाही, असे माझे मत आहे.

गादीवाफ्याची रुंदी साधारण १ मीटर आणि उंची १५ सेंटिमीटर ठेवावी, असा प्रघात आहे. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचावा, आत पाय पडून माती दबू नये आणि पावसाचे पाणी मुळाशी न साचता निथळून जावे, हा त्यातील हेतू. भुसभुशीत माती आपल्यासाठीच अंथरली आहे, असा शेजारच्या मांजराचा समज आहे; त्याविरुद्ध शास्त्रात तरतूद नाही.

या विषयातील थोर मुलकी अधिकारी म्हणजे अमेरिकेतील मेल बार्थोलोम्यू. या निवृत्त स्थापत्य अभियंत्याने १९८१ साली ग्रंथ लिहून ४ फूट लांब आणि तितक्याच रुंद वाफ्याचे १६ चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात मोठे झाड असल्यास १, मुळ्यासारखे सडपातळ असल्यास १६, अशी खानेसुमारी ठरवून दिली. वेलींनी उभ्या जाळीवर चढावे, असाही त्याचा हुकूम आहे. आमच्या लाल भोपळ्यास तो रीतसर बजावण्यात आला.

उंच पिके उत्तरेस लावावीत, म्हणजे त्यांची सावली ठेंगण्यांवर पडत नाही, हे पुस्तकी वचन मी शेजारच्या अण्णांना ऐकवले. भूमापनात हयात घालवलेले अण्णा आकाशाकडे पाहून म्हणाले, "हिवाळ्यात ठीक आहे हो, पण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्याचा माध्यान्हीचा सूर्यच उत्तरेकडे सरकलेला असतो, त्याचं काय करणार?" सूर्यास नोटीस काढणे माझ्या अधिकारकक्षेबाहेरचे असल्यामुळे तो मामला मी दप्तरी दाखल केला.

खरा बिकट प्रश्न वांग्यांचा. गतवर्षी ज्या वाफ्यात वांगी झाली, तो आपले वंशपरंपरागत वतन आहे अशा थाटात ती वागतात, आणि त्यांना हलवून तेथे टोमॅटो किंवा मिरची बसवावी तर ती त्यांचीच भाऊबंद. एकाच कुळातली मंडळी पुनःपुन्हा त्याच मातीत नांदली, की मर रोग आणि सूत्रकृमी यांचे फावते. म्हणून ते वतन खालसा करून मी घेवड्यास दिले, कारण त्याच्या मुळांवरील गाठींत वस्ती करणारे जिवाणू हवेतील नत्र जमिनीत साठवतात, म्हणजे हे कूळ सरकारी खजिन्यात भरणा करणारे आहे. कडेने झेंडूचा पहारा बसवला. नकाशा पूर्ण झाला, शाईने गिरवला आणि मोठ्या अपेक्षेने कुटुंबासमोर ठेवला.

"अहो, यात कोथिंबीर कुठाय?"

पावसाच्या माऱ्यात कोथिंबीर सडते, हे मी साधार निवेदन केले. त्यावर स्वयंपाकघराच्या दारालगतचा अर्धा वाफा, ज्यावर पत्र्याच्या पागोळ्या पडत नाहीत, तो बिनशर्त मुदपाकखान्याकडे वर्ग झाला, आणि वाईट याचे वाटते, की संपूर्ण योजनेतील तेवढाच भाग सुफळ झाला. हात लांब केला की चार काड्या मिळाव्यात, इतक्या जवळ रोजची हिरवळ असावी, हे तत्त्व माझ्या शाईच्या नकाशात नव्हते.

भोपळ्याने जाळीकडे पाहिलेही नाही. त्याने एका आठवड्यात पायवाट घेतली, घेवड्याच्या खांद्यावरून मुळ्याच्या मुलखात उतरला, पेरेपेरे मुळ्या सोडून कब्जा पक्का केला आणि तणाव्याचा वेटोळा अण्णांच्या तारेत अडकवून हद्दीपलीकडे दोन फळे धरली. ती फळे कोणाची, याविषयी अण्णांनी जुने दाखले काढले आहेत. वाद चालू आहे. अलीकडची फळे मात्र निर्विवाद आमची असून घरात त्यांचे भरीत, घारगे आणि सांबार होऊन गेले आहे. ज्या वाचकांस लाल भोपळा हवा असेल, त्यांनी संध्याकाळी भक्कम पिशवी घेऊन यावे; अर्जाची आवश्यकता नाही.