परतीचा आदेश आधी काढा

२०२० च्या ऑक्टोबरात मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंदच होती. ती सगळ्यांना खुली झाली १ फेब्रुवारी २०२१ ला. मधल्या काळात बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून कामावर निघणारा माणूस बेस्टच्या थांब्यावर ताटकळत होता. बेस्टच्या गाड्या पुरेनात, म्हणून एसटीच्या सुमारे हजार गाड्या मदतीला आणल्या गेल्या. गाड्यांबरोबर माणसेही आली. सांगली-साताऱ्यासारख्या लांबच्या विभागांतल्या चालक-वाहकांना पाळ्या लावून मुंबईत बोलावले गेले. अनोळखी रस्ते, अनोळखी मुक्काम, एका खोलीत दाटीवाटीने झोपायचे आणि पहाटे उठून गर्दीत तिकिटे फाडायची. परत गेल्यावर त्यांच्यातले अनेक जण कोरोनाबाधित निघाले. आजार मुंबईत घेतला आणि घरी गावाकडे नेला.

त्याच वर्षी मे महिन्यात राज्य सरकारने कोरोनाच्या कामात मरण आलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसांना ५० लाख रुपये देण्याचा निर्णय केला होता. निर्णय चांगला होता. पण त्यात अट होती. दवाखान्यात भरती होण्याच्या किंवा मृत्यूच्या आधीच्या १४ दिवसांत तो माणूस कामावर हजर असल्याचा दाखला पाहिजे. आपल्याच आगारात रोज सही करणाऱ्याचा दाखला एका कपाटात सापडतो. पाठवलेल्या माणसाचे तसे नसते. हजेरीपट मूळ आगारात, कामाची नोंद मुंबईत, ताप चढला तो गावात. तीन ठिकाणचे कागद जुळवायचे कोणी? त्याच्या बायकोने? १४ दिवस मोजताना परतीच्या प्रवासाचा दिवस धरायचा की नाही, विलगीकरणातले दिवस धरायचे की नाही, हे पाठवतानाच लिहून ठेवायला हवे होते. माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांनी ते सिद्ध करत बसावे, ही व्यवस्थाच अन्यायाची आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. कुणालाही थोड्या दिवसांसाठी दुसरीकडे कामाला पाठवायचे असेल, तर त्याला परत आणण्याचा आदेश त्याच कागदावर आधी काढा. कोणत्या तारखेला, कोणत्या पदावर, किती पगारावर, कोणत्या जागी तो परत येईल, ते लिहा. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ असे लिहून माणूस पाठवणे बंद करा. त्या ओळीखाली सही करणाऱ्याला काही गमवावे लागत नाही. जाणाऱ्याची मात्र खुर्ची जाते, पाळी जाते, कधी बढतीही जाते.

सरकारी नोकरीत याची सोय नाही असे कोणी समजू नये. प्रतिनियुक्तीवर गेलेल्याचा मूळ पदावरचा धारणाधिकार १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांनी राखून ठेवला आहे. सेवा उसनी घेणाऱ्याने त्या काळातल्या रजावेतनाचे आणि निवृत्तिवेतनाचे अंशदान भरायचे, हेही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बिहारच्या एका खटल्यात स्पष्ट केले की प्रतिनियुक्तीला पाठवणारा, घेणारा आणि जाणारा अशा तिघांची संमती लागते. तिसऱ्याची संमती आपल्याकडे कितीदा विचारली जाते? फोन येतो, ‘उद्यापासून तिकडे हजर व्हा’, आणि लेखी आदेश आठवड्याने येतो. मधल्या आठवड्यात वाटेत अपघात झाला तर तो माणूस कोणाच्या नोकरीत होता, हे ठरवायला पुढे वर्षे जातात.

त्याहून जुना एक निकाल आहे, १९८९ चा. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे इंफाळला एक पदव्युत्तर केंद्र होते. ते केंद्र मणिपूर विद्यापीठाकडे सोपवले गेले आणि तिथल्या शिक्षकालाही केंद्राबरोबर देऊन टाकले. शिक्षक न्यायालयात गेला. न्यायालय म्हणाले, त्याच्या संमतीशिवाय त्याचा मालक बदलता येणार नाही, तो तुमचाच कर्मचारी आहे. नोकरी हा दोघांमधला करार आहे आणि इमारतीसोबत माणूस हस्तांतरित होत नाही, हे ज्यांना आजही पटत नाही त्यांनी तो निकाल वाचावा.

पण दुसरी बाजूही कठोर आहे आणि ती लपवून चालणार नाही. पंजाबातले काही पोलीस शिपाई सीआयडीत प्रतिनियुक्तीवर गेले. वर्षानुवर्षे तिथे राहिले, तिथे वरच्या पदांवर तात्पुरते चढले. मग एक दिवस त्यांना परत पाठवले गेले आणि परतीच्या जागी त्यांचे पद शिपायाचेच होते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रवानगी योग्य ठरवली. प्रतिनियुक्ती ही तात्पुरतीच असते, तिथे कायम राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, हा कायदा आहे आणि मला तो मान्य आहे. मान्य नाही ते हे, की इतकी वर्षे कोणी त्यांना मूळ खात्यातल्या ज्येष्ठतेच्या यादीत पाहिले नाही आणि पाहायला कोणी बांधीलही नव्हते. लांब गेलेल्याचे नाव यादीत असते, पण यादी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो नसतो. गोपनीय अहवाल कोण लिहिणार यावर दोन कार्यालये वाद घालतात आणि वर्ष संपते. अहवाल नाही म्हणून पदोन्नती समितीसमोर त्याचे प्रकरण अपुरे ठरते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांचे तर आणखी अवघड आहे. त्यांचे निवृत्तिवेतन अंशदानावर चालते, म्हणून सेवा उसनी घेणाऱ्या कार्यालयाने एका महिन्याचा हप्ता चुकवला तरी तो खड्डा साठीनंतर त्यांच्याच खिशात पडतो.

आता उपनगरातल्या शिक्षकांकडे वळू. २० मे २०२४ ला लोकसभेचे मतदान, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे, १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचे. वीस महिन्यांत तीन निवडणुका झाल्या आणि प्रत्येकीच्या आधी प्रशिक्षणे, मतदारयाद्या, घरोघरच्या फेऱ्या. शाळा घाटकोपरला, घर बदलापूरला, केंद्र मुलुंडच्या टोकाला, असे जोडकाम करणाऱ्या बाईंना मतदान यंत्र जमा करून निघायला मध्यरात्र होते. शेवटची गाडी चुकली तर त्या कुठे थांबणार, हे नेमणुकीच्या आदेशात लिहिलेले नसते. केंद्रीय निवडणूक आयोगाने एक गोष्ट मात्र नीट सांगून ठेवली आहे. घरातून किंवा कार्यालयातून निवडणुकीच्या कामासाठी, अगदी प्रशिक्षणासाठी बाहेर पडल्यापासून परत पोहोचेपर्यंत माणूस कामावरच आहे असे धरले जाते. वाटेत काही झाले तर वारसांना किमान १५ लाख रुपये सानुग्रह मिळतात. ही व्याख्या मला फार मोलाची वाटते, कारण तिने परतीचा रस्ता कामात मोजला. महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथेही शब्दशः हीच व्याख्या नेमणुकीच्या प्रत्येक कागदावर छापावी.

शिक्षेची बाजू मात्र कुणी छापायला विसरत नाही. मतदारयादीच्या कामात कसूर केल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे. नोटिशीत हे कलम ठळक अक्षरांत येते. ज्या बाईंच्या वर्गात साठ मुले बसली आहेत आणि ज्यांना मतदारांच्या दारांवर पुन्हा पुन्हा जायचे आहे, त्यांच्या हातात पडणारा पहिला कागद धमकीचा असतो. देशातल्या काही राज्यांत मतदारयाद्यांची सखोल फेरतपासणी सुरू असताना या कामावरच्या कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की माणसे वाढवा, ओझे कमी करा, अडचण असलेल्याचे कारण ऐकून घ्या. हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागले, ही लाजेची गोष्ट आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामे शिक्षकांवर ठेवली. पण त्या तीन दारांतून किती दिवस जातील याला कलमात मोजमाप नाही.

आणि आता जनगणना आली आहे. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात, प्रत्यक्ष मोजणी २०२७ च्या फेब्रुवारीत. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या प्रभाग कार्यालयांतून आदेश निघणार आणि पुन्हा हेच शिक्षक, हेच पालिकेचे कर्मचारी बाहेर पडणार. इथे एक गोष्ट प्रत्येकाने पाठ करावी. १९४८ च्या जनगणना कायद्यात पुढे दुरुस्ती करून स्पष्ट लिहिले आहे की जनगणनेच्या कामामुळे कोणाच्याही सेवेला बाधा येणार नाही, तो काळ मूळ मालकाकडेच काम केल्याचा धरला जाईल आणि बढतीच्या किंवा पुढे जाण्याच्या हक्काला धक्का लागणार नाही. किती स्वच्छ वाक्य आहे! थोड्या दिवसांच्या प्रत्येक कामगिरीसाठी हेच वाक्य सगळ्या कायद्यांत का नसावे? एसटीच्या चालकाला ते का नसावे? अंधेरीच्या एमआयडीसीतून तीन महिन्यांसाठी चाकणला पाठवलेल्या फिटरला का नसावे?

खासगी नोकरीत थोड्या दिवसांची बदली हे माणूस घालवण्याचे जुने हत्यार आहे. उपनगरात कारखाने होते तेव्हा नकोशा झालेल्या कामगाराला लांबच्या गावच्या युनिटला ‘दोन महिन्यांसाठी’ पाठवायचे, तिथे घर नाही, शाळा नाही, भत्ता नाही, मग तो स्वतःच राजीनामा देतो. म्हणूनच महाराष्ट्राने १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंधक कायद्यात व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली वाईट हेतूने केलेली बदली अनुचित प्रथा ठरवली. अनुचित प्रथांच्या त्याच यादीत माणसाला वर्षानुवर्षे बदली कामगार किंवा हंगामी म्हणून ठेवून कायमपणाच्या हक्कांपासून दूर ठेवण्यालाही स्थान आहे. वाईट हेतू सिद्ध करण्याचा भार मात्र कामगारावरच राहिला. परतीची तारीख लिहिलेली असती तर हेतू शोधत बसावे लागले नसते. तारीख उलटली आणि परत बोलावले नाही, एवढे दाखवले की पुरे झाले असते.

सर्वांत वाईट स्थिती ठेकेदाराच्या माणसाची आहे. वडाळ्याहून घाटकोपर, मुलुंडकडे जाणाऱ्या मेट्रोच्या खांबांखाली पत्र्याच्या वसाहतीत राहणारा परप्रांतातला मजूर हा घरापासून सर्वांत लांब पाठवलेला कर्मचारी आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने त्याला विस्थापन भत्ता दिला होता, महिन्याच्या पगाराच्या निम्मा, आणि तो परत मागता येत नव्हता. ठेकेदारांनी तो कितपत दिला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हक्क कागदावर होता, त्यासाठी भांडता येत होते. २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, गावी जाऊन येण्याचा वर्षातून एकदाचा प्रवासखर्च ठेवला आहे आणि विस्थापन भत्ता गाळला आहे. मजुराचे घर सुटते त्याची किंमत कायद्याने एकदा मान्य केली होती. ती पुसण्याचे समाधानकारक कारण मी अजून कुठे वाचलेले नाही.

सीप्झमधून अमेरिकेला जाणाऱ्यांची गोष्ट थोडक्यात. पगार मोठा म्हणून त्यांच्या हक्कांविषयी कोणी बोलत नाही. एच-वन-बी व्हिसावर साधारण सहा वर्षे राहता येते, आणि तिथल्या सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन मिळायला दहा वर्षांची वर्गणी लागते. पगारातून ६.२ टक्के दर महिन्याला कापले जातात आणि सहा वर्षांनी परतणाऱ्याचे ते तिथेच राहतात. बेल्जियमशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार २००९ पासून लागू आहे. तिथे थोड्या वर्षांसाठी गेलेला माणूस भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचा दाखला दाखवतो आणि दुहेरी वर्गणीतून सुटतो. अमेरिकेशी असा करार नाही. मुलुंड-अंधेरीच्या घराघरांतून मुले तिथे गेली आहेत. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या खासदाराला हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

जनगणनेचा नेमणूक आदेश ज्यांच्या हातात पडेल त्यांनी सही करण्याआधी कामाची सुरुवात आणि शेवट, दोन्ही तारखा पाहाव्यात. शेवटची तारीख नसेल तर ती लेखी मागावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. मुख्याध्यापकांनी कार्यमुक्तीची आणि परत रुजू झाल्याची नोंद त्याच आठवड्यात सेवापुस्तकात करावी, पुढच्या वर्षी आठवणीने नव्हे. वर्गावर तेवढ्या दिवसांसाठी कोण उभे राहणार, हेही त्याच आदेशात लिहून मागावे. शिक्षक परत येईल तेव्हा त्याचा वर्ग त्याचाच असला पाहिजे, आणि मधल्या महिन्यात त्या मुलांना कुणीतरी शिकवलेले असले पाहिजे. प्रभाग कार्यालय हे देऊ शकते, कारण त्यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त कागदावर दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात.