मुन्शीची फाशी पुढे ढकलली

गुरुजींना 1857 सालाबद्दल काही विचारू नये. विचारायचंच झालं तर उभ्याउभ्या विचारावं आणि भैंशाची बस लागलेली असावी.

मुधोळच्या मराठी शाळेत पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवून ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून निर्मलच्या बंडावर ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहीत आहेत. गाव त्यांना कादंबरी गुरुजी म्हणतं. दुपारी चारनंतर ते वही बगलेत मारून स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरले की गिऱ्हाईकं चहा गरम असतानाच संपवतात. जे भाजलं जाईल म्हणून थांबतात, त्यांना एक प्रकरण ऐकावं लागतं.

बंड खरं आहे, त्यात वाद नाही. 17 जुलै 1857 ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी रोहिल्यांना घेऊन हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. तो फसला, कारण निजाम अफजलुद्दौला आणि त्याचा दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने ठाम उभे होते. नंतर इकडे निर्मलच्या रानात रामजी गोंडाने गोंड, रोहिले, मराठे, तेलंगी असे मिळतील ते लोक जमवून झुंज दिली. शेवटी तो धरला गेला. निर्मलला एकाच वडावर हजार जणांना फाशी दिली, असं हा मुलूख सांगतो; तारीख सांगतो 9 एप्रिल 1860. तो वडही आता राहिला नाही.

इतिहास एवढाच. यात प्रेम कुठंच नाही, ही गुरुजींची मूळ तक्रार. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ त्यांनी मोठ्या आशेने वाचलं. गृहस्थ वरसईहून निघून थेट झाशीच्या वेढ्यात सापडलेला, डोळ्यांनी सगळं पाहिलेला. पण पुस्तकभर भूक, लूट आणि पायपीट. शेवटी गंगेची कावड घेऊन आईबापांकडे परत. “एवढं बंड पाहिलं अन् आणलं काय, तर पाणी!” गुरुजी अजून हळहळतात.

मग त्यांना खैरुन्निसा सापडली. जेम्स किर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटाने हैदराबादच्या खानदानातल्या या मुलीशी निकाह लावला आणि कोठीतली ती भलीथोरली रेसिडेन्सीही त्यानेच बांधवली. पुढे अर्धशतकाने तुर्रेबाज खान चालून गेला तो याच हवेलीवर. गुरुजी रात्रभर झोपले नाहीत. प्रेम झालं ते साहेबाचं, बंड झालं ते आपलं, दोन्ही एकाच आवारात, आणि मध्ये पन्नास वर्षांची फट! ती त्यांनी शिक्षकाच्या चिकाटीने बुजवली. नायिकेच्या आजीला खैरुन्निसेच्या रंगमहालात दासी म्हणून नोकरीला लावलं. पुराव्याचं काय, असं विचारलं तर म्हणतात, “दासींची हजेरी कोण ठेवतं?”

नायक रामजी नाही. नायक रामजीचा मुन्शी. हा मुधोळचा, मध्यम उंचीचा, रंगाने गव्हाळ, स्वभावाने भिडस्त, दम्याचा किंचित त्रास असलेला, आणि त्याचं मोडी अक्षर असं देखणं की शत्रूसुद्धा पकडलेलं पत्र लगेच फाडत नाही. नायिका त्या अक्षरावरच भाळते. रामजी घोड्यावर बसून मरायला निघालेला असतो तेव्हा मुन्शी तंबूत बोरू तासत असतो. गुरुजींच्या घरी दम्याचा पंप कोण वापरतं आणि शाळेच्या फळ्यावर सुविचार कोण लिहायचं, हे आख्ख्या मुधोळला ठाऊक आहे. तोंडावर कोणी बोलत नाही एवढंच.

खरी लढाई नायिकेवरून झाली. आधी ती देशमुखाची लेक होती. दोन वाड्यांतून निरोप आले की आमच्या घरातल्या पोरी अशा कारकुनासंगं पळून जात नसतात. मग गुरुजींनी तिला रोहिल्या सरदाराची मुलगी केलं. भैंशाच्या एका हितचिंतकाने हात जोडले, “गुरुजी, सध्या गावात शांतता हाय, राहू द्या.” तिसऱ्या खर्ड्यात ती गोंडांची झाली. तर उटनूरकडचा एक कॉलेजातला गोंड पोरगा भर हॉटेलात म्हणाला, “सर, आमच्या बाया लढायला रानात उतरल्या असतील, तर त्यान्ला तुमच्या मुन्शीच्या प्रेमात कामून पाडूलालाव?” याला उत्तर नव्हतं. माझ्या मते अजूनही नाही. गुरुजींनी त्या पोराला चहा पाजला आणि घरी जाऊन दीडशे पानं फाडली. आता नायिका बासरच्या घाटावर टोपलीत सापडलेली आहे. गोदावरीला कोणी जात विचारत नाही.

बासरवरूनच आणखी एक घोळ. मुन्शी एका प्रकरणात बासर स्टेशनवर उतरत होता. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एकाने सांगितलं की या मार्गावर गाडी बंडानंतर चाळीसेक वर्षांनी धावली. गुरुजींनी गाडी काढली, बैलगाडी घातली. पण घाईत शिट्टी राहून गेली.

वही एकदा पुण्यालाही जाऊन आली. प्रकाशकाचं पत्र आलं: मुधोळच्या कुत्र्यांवर एक प्रकरण असावं, आणि हलगलीच्या बेडरांचा उठाव कसा सुटला? गुरुजी आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. ते मुधोळ कर्नाटकातलं, घोरपड्यांचं. तिथली शिकारी कुत्री प्रसिद्ध आणि हत्यारबंदीच्या कायद्याविरुद्ध हलगलीचा उठावही तिथलाच, तोही 1857 चाच. नाव एक, साल एक, आणि बंडाचा मान पुन्हा दुसऱ्याच मुधोळला!

एरवीही आमच्या मुधोळचं ठिकाण सांगताना गुरुजींना धाप लागते. निजामाच्या राज्यात हे नांदेड जिल्ह्यात होतं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही तीन सर्कलं आंध्रात, आदिलाबादला जोडली; तिकडून किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. 2014 ला तेलंगणा झालं, 2016 ला जिल्हा निर्मल झाला. म्हणजे गाव बसल्या जागी तीनदा पाहुणं झालं. गुरुजींचा मुन्शी शपथेत ‘या मराठी मातीची आण’ म्हणतो. संध्याकाळी रामजीशी बोलताना तेलुगू, निजामाला अर्ज लिहिताना फारसी. हे मात्र त्यांनी कुठून आणलेलं नाही, हॉटेलात बसून ऐकलेलं आहे, आणि कादंबरीतली सगळ्यात चांगली पानं तीच आहेत.

अडचण शेवटाची. रामजीला फाशी होणार, त्यात गुरुजी काही करू शकत नाहीत आणि करतही नाहीत. ते पान त्यांनी एका बैठकीत लिहिलं, एकही विशेषण न घालता. पण मुन्शी? पानपट्टीवाल्याचा हट्ट, की तोही वडावर गेलाच पाहिजे, नाहीतर हिरो कसला. गुरुजींच्या मंडळींचं मत उलट. “इतकी वर्षं ह्या घरात वागवलं त्याला, आता मारू नका.”

गुरुजी गणिताचे. त्यांनी एका रात्री तोड काढली. हजार हा आकडा लोकांनी गोळाबेरीज धरलेला; कोणी मोजले होते? नऊशे नव्याण्णव धरा, मुन्शी सुटला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात हे प्रकरण वाचलं तेव्हा पहिल्यांदाच कोणी चहा घाईने संपवला नाही.

घरी मंडळींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ह्या एकालाच कामून? त्याचं अक्षर चांगलं हाय म्हणून?”

तेव्हापासून गुरुजी एकेकाला उतरवतायत. आधी मुन्शीचा मोतद्दार सुटला, मग पंधरा वर्षांचा एक रोहिला पोरगा, मग म्हातारी आई असलेले सगळे. उटनूरचा तो पोरगा आता आठवड्याला येतो आणि नावं सुचवतो. पानपट्टीवाला चिडून म्हणाला, अशानं ही कादंबरी संपायची नाही. आणि मग हळूच, आपल्या पणज्याचंही तेवढं बघा म्हणाला.

परवा विचारलं तेव्हा आकडा आठशे बारावर आला होता.