खारीज डब्यांचे अप्पासाहेब

महसुली कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेला मनुष्य उर्वरित आयुष्य कोणत्या व्यासंगात घालवील, याविषयी आपल्या समाजाचे काही ठाम अंदाज असतात: तो ज्ञानेश्वरीचे पारायण करील, गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाला हिशेब विचारून छळील, किंवा नातवाला शाळेत पोचवून परतताना औरंगपुऱ्यातून मेथीची जुडी घासाघीस करून आणील. आमचे अप्पासाहेब या तिन्ही कर्तव्यांत कुचराई करीत नाहीत. परंतु त्यांचा जीव जडला आहे तो एका सकृद्दर्शनी निरर्थक तपासावर. जे कागदावरून खारीज झाले, ते जागेवरून खरोखरच गेले काय, हा तो तपास.

हे वेड त्यांना लावले परदेशस्थ भाच्याने. मे २००० च्या आरंभी अमेरिकी सरकारने उपग्रहांच्या संकेतांत जाणूनबुजून मिसळलेली सुमारे शंभर मीटरांची चूक काढून घेतली, आणि लगोलग ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगॉन प्रांतातील एका रानात बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत काही पुस्तके, एक गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक डबा, असा ऐवज होता. तेव्हापासून जिओकॅशिंग नावाचा हा खेळ जगभर पसरला: कोणी डबी लपवावी, दुसऱ्याने ती हुडकून आतल्या नोंदवहीत सही करावी आणि डबी पुन्हा जागच्या जागी ठेवावी. यथावकाश लपवणारा कंटाळतो, त्याची बदली होते, देखरेख थांबते, आणि डबीची नोंद चालू यादीतून उतरते. नियमाप्रमाणे त्याने डबी उचलून न्यावयाची असते.

“न्यावयाची असते,” अप्पासाहेब भाच्याला म्हणाले, “म्हणजे नेलेली नसते.”

या एका वाक्यात त्यांचे सारे तत्त्वज्ञान साठवलेले आहे. नोंद खोडावयास बसल्या जागी एक बोट पुरते, डबी आणावयास डोंगर चढावा लागतो. आणि ज्याने हयातभर निकाली काढलेल्या प्रकरणांची गाठोडी वर्षानुवर्षे त्याच मांडणीवर धूळ खाताना पाहिली, त्याला यांपैकी कोणते काम पार पडते आणि कोणते राहते, हे सांगावे लागत नाही. पुराणवस्तूंचे अभ्यासक मातीवर भिस्त ठेवतात, अप्पासाहेब आळसावर. माझ्या मते त्यांचा पाया अधिक भक्कम आहे. त्या मूळ बादलीचेच पाहा: ती गेली, परंतु घेवड्याचा डबा पुढे त्याच जागी जमिनीत सापडला, ही वार्ता ऐकल्यापासून ते ऑरेगॉनचा उल्लेख पंढरपूरच्या आदराने करतात. चालू नोंदींच्या डब्यांकडे मात्र ते ढुंकूनही पाहत नाहीत. ज्याची दप्तरात नोंद आहे ते शोधणे हा, त्यांच्या मते, पोरखेळ.

असल्या मनुष्याला हे शहर मानवले नसते तरच नवल. खडकीचे फतेहनगर, फतेहनगरचे औरंगाबाद, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, अशी कागदोपत्री स्थित्यंतरे झाली तरी मलिक अंबरचा १६१२ चा भडकल दरवाजा आपली जागा सोडून तसूभर हललेला नाही. तटाला परंपरेने बावन्न दरवाजे मोजतात, आज उभे आहेत त्यांहून पडलेलेच अधिक, आणि पडलेल्यांविषयी अप्पासाहेबांचा प्रश्न ठरलेला असतो: “पडला, की पडला असे लिहिले?” उत्तरेकडच्या डोंगरांतले पाणी जमिनीखालच्या चिरेबंदी वाटेने शहरात आणणाऱ्या नहर-ए-अंबरीविषयीही ते असेच साशंक असतात. फोटोच्या फिल्मची खारीज डबी हुडकण्यासाठी हर्सूलच्या बाजूला झुडपे बाजूला सारावीत आणि हाताला नहरीचे दगडी तोंड लागावे, असे झाल्यावर त्यांनी डबीच्या रकान्यात नहर नोंदवली आणि पुढे “बदली वस्तू मिळाली” असा शेरा मारला.

त्यांची वही हा स्वतंत्र ग्रंथ होईल. अनुक्रम, मौजे, खारीज झाल्याची तारीख, प्रत्यक्ष स्थिती, शेरा, असे पाच रकाने तांबड्या शाईने आखलेले. मिळालेल्या डबीपुढे “हयात” एवढाच शब्द, न मिळालेलीपुढे मात्र लेखणी रेंगाळते: “समक्ष पाहणी केली. आढळ नाही. तथापि नाही असे म्हणवत नाही.” डबी मिळाल्याचे ते जाहीरही करीत नाहीत, कारण जाहीर केल्यास मालकाला लाज वाटून तो ती उचलून नेईल, अशी त्यांना सार्थ भीती वाटते.

मकबऱ्यामागच्या लेण्यांच्या डोंगराकडे भर दुपारी छत्री मिटून दगडांच्या फटीत डोकावणारा धोतरधारी इसम हा संशयास पात्र ठरणारच. “क्या ढूंढ रहे चचा?” असे एका पोराने विचारले असता त्यांनी उपग्रहांपासून आरंभ करून सविस्तर खुलासा केला, तो ऐकून पोराने आपल्या तीन मित्रांना बोलावले, आणि डबीत सोने आहे या समजुतीने त्या चौघांनी जो उत्साह दाखविला, त्याची सरकारी पाहणीतही बरोबरी झाली नसेल. काकू म्हणतात, “अहो, घरात हरवलेला चष्मा सापडत नाही तुम्हांला!” यावर त्यांचे उत्तर असे की चष्मा अद्याप खारीज झालेला नाही.

दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. इतरांना हा उपमर्द वाटतो. अप्पासाहेब तो सणासारखा साजरा करतात, आणि यादीतील आपल्या नावापुढे सही करताना “हयात” हा शब्द पुटपुटतात. गेल्या खेपेस सही झाल्यावर त्यांनी सहज चौकशी केली, की दहा वर्षांपूर्वीची सह्यांची यादी कोठे आहे.

“ती रद्दीत गेली, अप्पासाहेब,” कारकून म्हणाला.

“गेली, की जाण्याचा हुकूम झाला?”

कारकुनाने मान वर केली, किंचित विचार केला आणि टेबलाच्या खणातून मागच्या खोलीच्या किल्ल्या काढल्या.