तेल न लावता या!

यवतमाळात बसून ईईजी तंत्रज्ञाच्या, म्हणजे मेंदूच्या लहरी टिपण्याच्या परीक्षेचा अभ्यास करायचा आणि पुस्तक मात्र अमेरिकन! पुस्तक म्हणते, घामामुळे आलेखाची रेघ संथपणे वरखाली होते, तेव्हा खोली थंड ठेवा. मे महिन्यात पारा ४५ कडे निघालेला असताना हे वाचून विद्यार्थ्यालाच घाम फुटतो.

डोक्यावर टेपने १० आणि २० टक्क्यांची अंतरे मोजून २१ इलेक्ट्रोड बसवायचे, हे पाठ होते. पण केस धुऊन, तेल न लावता या, हे रुग्णाच्या आजीला पटवायचे कसे? "बिना तेलाचं डोकं? काहून बाप्पा?" याचे उत्तर कुठल्याच प्रकरणात नाही. (खरे तर अर्धे गुण यालाच हवेत.) हान्स बर्गरने १९२४ मध्ये जर्मनीत माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या, छापायला १९२९ उजाडले. त्याला परीक्षेची तारीख नव्हती, आणि ही आजीही नव्हती.

शिवाय पुस्तकातली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. तीही असली तर. तेव्हा परीक्षार्थींनो, पेपरात खुशाल ६० लिहा, यंत्रावर विजेची गुणगुण गाळणारा फिल्टर मात्र ५० चाच लावा.