डाग असू द्या

घर दाखवायचं म्हटलं की आपण आधी ते लपवायला घेतो. पाहुणे दारात येईस्तोवर दांडीवरचे कपडे खाटेखाली जातात, भिंतीवरच्या तेलकट डागापुढे खुर्ची सरकते, आणि ज्या खोलीत उरलेलं सगळं कोंबलं तिला बाहेरून कडी लागते. त्यामुळे नांदगाव पेठच्या आमच्या कवेलूच्या घराचे ढीगभर फोटो काढून, मोबाइलवर आतून हिंडता येईल असं घर करायचं पुण्याच्या पुतण्यानं ठरवलं, तेव्हा वहिनींनी सगळ्यात आधी चुना कालवला.

"मोठी आई, चुना नको!" पुतण्या कळवळला.

"काहून रे बापा? धुरानं काळ्या झालेल्या भिती लोकायले दाखवतं का?"

दाखवायच्याच होत्या. हे तंत्र चालतं ते खुणांवर. एकच कोपरा दोन-चार जागांवरून टिपला की संगणक त्या फोटोंतल्या सारख्या खुणा हुडकतो. आपण पाऊलभर सरकलो की जवळची खूण जास्त हलते, लांबची कमी. त्या फरकावरून फोटो काढणारा कुठे उभा होता आणि भिंत किती लांब होती, दोन्हीचं गणित तो मांडतो. म्हणून दर फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यावा लागतो. एकाच जागी उभं राहून गरागरा फिरलं तर फोटो पुष्कळ मिळतात, खोली किती खोल ते कळत नाही. आणि पांढरीशुभ्र भिंत समोर आली की बिचाऱ्याला धरायलाच काही सापडत नाही. आरसा तर त्याहून वाईट. त्याच्या पलीकडे आणखी एक खोली आहे असं समजून तो खुशाल तीही बांधून टाकतो.

चुलीमागची भिंत मात्र अशी उठली की बोट लावावंसं वाटावं. धुराचे ओघळ, वाकडे खिळे, देवळीत दिव्यानं उमटवलेला काळा ठसा, दुधाच्या हिशेबानं भरलेलं कालनिर्णय, दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या रेघा. वहिनींनी जन्मभर ज्याची लाज बाळगली, त्याच्याच आधारानं यंत्र घरातून चालत होतं. वर्षभरापूर्वी टाइल्स बसवलेली, गुळगुळीत रंगाची पुढची खोली मात्र वितळल्यासारखी दिसत होती. मला तरी त्यात न्याय दिसला.

ही धडपड आजची नाही. अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला १८४४ साली नेमलेला मेजर रॉबर्ट गिल पुढे कॅमेरा घेऊन त्याच लेण्यांत हिंडला, आणि १८६४ मध्ये त्याच्या जोडफोटोंचं पुस्तक लंडनला निघालं. किंचित अंतरावरून घेतलेली दोन चित्रं भिंगातून एकत्र पाहायची, की घरबसल्या लेण्याचे खांब पुढेमागे उभे राहत. तिकडे जर्मनीत १८५८ साली आल्ब्रेख्ट मायडेनबाउर वेट्झलरच्या कॅथिड्रलची मापं घेताना वरून पडता पडता वाचला. यापुढे मापं फोटोवरूनच घ्यावीत, हे त्याला तिथे सुचलं. जिवाची भीती बरीच शास्त्रं पुढे नेते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अनोळखी पर्यटकांनी इंटरनेटवर टाकलेल्या फोटोंतून नोत्र दाम उभं करून दाखवलं. २०२३ पासून तर अख्खी जागा रंगाच्या लाखो धूसर ठिपक्यांत मांडायची पद्धत निघाली आहे. म्हणजे शेवटी डागच.

एक अट मात्र आमच्या घराला जड गेली. फोटो काढताना काही हलता कामा नये. बंगई दोरीनं बांधून ठेवली. सपरीत तांदूळ निवडत बसलेल्या आजीला पुतण्यानं "हलू नको" म्हणून बजावलं. ती अशी काही बसली की कोठीच्या शेजारी दुसरी कोठी वाटावी, आणि उतरलीही तितकीच ठाशीव. मांजराला कोण सांगणार? ते तीन ठिकाणी आहे, एकाही ठिकाणी पुरतं नाही. बाहेर महामार्गावरचे ट्रक कसे आले ते विचारू नका. औष्णिक केंद्र झालं, कापडाचे कारखाने आले, आमच्या मागच्या वावरात प्लॉट पडले. घरही फार दिवस राहील असं नाही, म्हणून तर हा खटाटोप.

तयार झालेलं घर सगळ्या नातलगांना धाडलं. डोळे पाणावतील, आठवणी निघतील, अशी पुतण्याची समजूत. चुलतभावानं "मस्त" लिहून अंगठा टाकला. नागपूरच्या आत्यानं मात्र ओसरी, माजघर, देवघर कुठेही न रेंगाळता थेट न्हाणी गाठली, कोपऱ्यातलं तांब्याचं घंगाळ बोटांनी मोठं केलं, कडीखालचा पोचा पाहिला आणि फोन लावला.

"हे घंगाळ माह्या मायचं हाय! मांगं इचारलं तं हरपलं म्हणे!"

वहिनींनी फोन ठेवला आणि पुतण्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, "काय रे, यातून निस्ती न्हाणी काढून टाकता येते का?"